जागच्या जागी शहर झालेली गावं

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आणि एक जुनं वाक्य पुन्हा सगळीकडे ऐकू येऊ लागलं: खेडी ओस पडताहेत आणि बाहेरच्या लोंढ्यांनी शहरं फुगताहेत. मागच्या जनगणनेचे आकडे बघितले तर हे वाक्य टिकत नाही.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत भारताची शहरी लोकसंख्या २८.६ कोटींवरून ३७.७ कोटींवर गेली. या नऊ कोटींमध्ये सगळ्यात मोठा वाटा शहरांमध्येच जन्मलेल्यांचा होता. त्याखालोखाल, सुमारे ३० टक्के वाटा अशा माणसांचा, जी आपलं गाव सोडून कुठेच गेली नाहीत. त्यांचं गावच या काळात शहर म्हणून मोजलं गेलं. खेड्यातून उठून शहरात स्थायिक झालेल्यांचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास येतो. ज्या मुंबईचं नाव घेऊन लोंढ्यांची चर्चा चालते, त्या मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची लोकसंख्या याच दशकात ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. वाढलं ते ठाणे.

केरळचं उदाहरण तर मला फारच आवडतं. दहा वर्षांत तिथली एकूण लोकसंख्या पाच टक्केही वाढली नाही, पण शहरी वस्तीचं प्रमाण २६ टक्क्यांवरून जवळजवळ ४८ टक्क्यांवर गेलं. ‘जनगणना शहरं’ ९९ होती, ती ४६१ झाली.

जनगणना शहर म्हणजे काय? जिथे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे ते कायद्यानेच शहर. त्याखेरीज एखाद्या गावात तीन गोष्टी जुळल्या, तर जनगणना त्यालाही शहर म्हणते: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. कामकरी कोण, तर वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम करणारा. पहिल्या दोन अटी सरळ आहेत. खरी गंमत तिसरीत आहे, आणि तिच्यासाठी थोडं गणित करायलाच हवं.

सात हजार वस्तीचं एक काल्पनिक गाव घेऊ. कामकरी पुरुष २,०००. त्यातले ६०० शेतकरी किंवा शेतमजूर, बाकीचे १,४०० दुकान, गॅरेज, गवंडीकाम, एमआयडीसीतली नोकरी अशा कामांत. शेतीबाहेरचं प्रमाण झालं ७० टक्के. शहर ठरायला पाच टक्के कमी पडतात. ही तूट तीन वाटांनी भरून निघू शकते.

पहिली वाट म्हणजे शेतीतल्या १०० जणांनी गावात राहूनच काम बदललं. उरले ५००, म्हणजे २,००० चा बरोबर चौथा हिस्सा. काम झालं.

दुसरी वाट बाहेरून माणसं येण्याची. समजा, कारखान्यात काम करणारे कामगार गावात भाड्याने राहायला आले. शेतीतले ६०० तसेच राहिले, तर एकूण कामकरी पुरुष २,४०० व्हायला हवेत. म्हणजे ४०० माणसं यावी लागतात.

तिसऱ्या वाटेत शेतीतले तरुण गाव सोडून जातात. यात अंश आणि छेद दोन्ही एकदम घटतात. ६०० मधून आणि २,००० मधून तीच संख्या वजा करून उत्तर पाव आणायचं, तर १३४ जण जावे लागतात. उरतात १,८६६ पैकी ४६६, म्हणजे पंचवीस टक्क्यांना किंचित कमी.

हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा: १००, ४०० आणि १३४. गावाला शहर करायला बाहेरून येणारी माणसं सगळ्यात जास्त लागतात. आणि गाव रिकामं होत असतानाही ते शहर ठरू शकतं, फक्त एकूण वस्ती पाच हजारांखाली जाता कामा नये. नवं दुकान नाही, नवा कारखाना नाही, तरीही!

या अटीत फक्त पुरुष मोजले जातात, हेही विसरू नये. नवरा एमआयडीसीत जातो, शेत बायको बघते. असं घर वाढत गेलं की गावातली शेती आहे तेवढीच राहते, पण नियमाला ती दिसेनाशी होते. मला हा या व्याख्येतला सगळ्यात मोठा दोष वाटतो. शेती जितकी बायकांच्या हाती जाईल, तितकं गाव कागदावर शहरी होत जाईल.

गाव सोडून जाण्याची तिसरी वाट कोकणात दिसते. तिथल्या कुलूपबंद घरांना कुणी वास्तुदोष चिकटवतं, कुणी राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, कोप सांगतं. यातलं काहीही मानायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधल्या १६.९७ लाखांवरून २०११ मध्ये १६.१५ लाखांवर आली, आणि तिथे हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया मोजल्या गेल्या. कामाच्या वयाचे पुरुष मुंबई-ठाण्याला आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जनगणनेने शहर म्हटलं तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. सांडपाणी, कचरा हे सगळं ग्रामीण तिजोरीतून आणि ग्रामीण मनुष्यबळावर. नगरपरिषद झाली की घरपट्टी वाढते, म्हणून गावकरीही कचरतात. पुण्याच्या कडेची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली आणि करांवरून वाद होऊन पुन्हा वगळली गेली. २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

२०२७ च्या तक्त्यांत मी सगळ्यात आधी बीड बघणार आहे. प्रगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा गळीत हंगाम जोरात असतो आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर असतात. मोजणीचा पूर्ण काळ जो घराबाहेर असतो, त्याची नोंद जिथे सापडेल तिथे करायची, असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे ऊसतोडीला गेलेला शेतमजूर बीडच्या अंशातूनही जाणार आणि छेदातूनही, वरच्या १३४ जणांसारखाच. फरक इतकाच की तो मेपर्यंत घरी परतलेला असेल.