टळलेल्या संसर्गाचं बिल कोण दाखवणार?

अतिदक्षता विभागातली सिस्टर सलाइनच्या नळीला हात लावण्याआधी तळहातावर सॅनिटायझर घेते. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, सगळीकडे नीट चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात. एका पाळीत ही वेळ शंभरदा आली, तर अर्धा ते पाऊण तास त्यातच जातो. सॅनिटायझर स्वस्त असतं, महाग असतो तो हा वेळ. माणसं कमी केली की पहिली कात्री इथेच लागते, आणि हिशेबात मात्र तिची नोंद ‘बचत’ म्हणून होते.

औषधांना दाद न देणारा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला, की नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. मग राखून ठेवलेलं कोलिस्टिनसारखं औषध काढावं लागतं, जे मूत्रपिंडालाही इजा करू शकतं. वेगळी खोली, वेगळे गाऊन, पुन्हापुन्हा तपासण्या. पण माझ्या मते खरा मोठा खर्च खाटेचा आहे. पाचव्या दिवशी घरी जाणारा रुग्ण पंधराव्या दिवशीही तिथेच असेल, तर त्या दहा दिवसांत आणखी दोघांवर उपचार झाले असते. ते दोघे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. इमारत, यंत्रं, पगार हा खर्च संसर्ग टळला तरी होतोच, त्यामुळे प्रतिबंधातून हाती रोकड येत नाही, खाटा मोकळ्या होतात.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००३ नंतर शंभरावर अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालताना पाच साधे नियम पाळले: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. एखादा नियम चुकला तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला. दीड वर्षात नळीमुळे रक्तात होणारे संसर्ग सुमारे ६६ टक्क्यांनी घटले. यात एकही नवं औषध नव्हतं.

अडचण पैशाच्या वाटेत आहे. प्रत्येक उपचाराचे वेगळे पैसे मिळत असतील, तर संसर्गाने रुग्णालयाचं बिल वाढतंच. म्हणून २००८ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने रुग्णालयातच जडलेल्या काही संसर्गांचे जादा पैसे देणं बंद केलं. तरी एक गोष्ट उरतेच. रुग्ण दुसरीकडे हलवला, की जंतूही सोबत जातो. पहिल्या रुग्णालयाने खर्च करून तो रोखला, तर फायदा दुसऱ्याला होतो. म्हणून हा खर्च एकेका रुग्णालयाच्या मर्जीवर सोडता येत नाही, त्यासाठी पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवा.