हेन्लीने नाकारलेला केली: पार्श्वभूमी

फिलाडेल्फियाच्या जॉन केली या अमेरिकन वल्हेकऱ्याचा विषय निघाला की १९२० सालची हेन्ली, म्हणजे इंग्लंडमधली थेम्स नदीवरची मानाची वल्हवण्याची स्पर्धा, आठवतेच. गवंडी होता म्हणून त्याला डायमंड स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट चालवण्याच्या तिथल्या शर्यतीत, उतरू दिलं नाही, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच.

आयरिश स्थलांतरितांच्या घरातला केली लहान वयात विटांच्या कामाला लागला, स्कूलकिल नदीवर वल्हवायला शिकला, महायुद्धात सैन्यात गेला आणि परतल्यावर अमेरिकेतला अव्वल स्कलर (दोन वल्ह्यांनी बोट चालवणारा) ठरला. हेन्लीत उतरणं ही त्यापुढची साहजिक पायरी होती.

संयोजकांच्या इतिवृत्तात नकाराची दोन कारणं आहेत. पहिलं त्याच्या क्लबचं. १९०५ मध्ये याच क्लबची आठ वल्हेकऱ्यांची बोट हेन्लीला आली होती. तिच्या खर्चासाठी हौशीपणाच्या नियमाविरुद्ध लोकवर्गणी जमवल्याचं नंतर उघड झालं आणि १९०६ मध्ये त्या क्लबच्या प्रवेशिका यापुढे घेऊ नयेत, असा ठराव झाला. दुसरं कारण केलीचं स्वतःचं: अंगमेहनतीच्या नियमात तो बसत नाही.

हेन्लीत फक्त हौशी खेळाडूंनाच उतरता येई, आणि हौशी कोण हे ठरवणारा हा नियम १८७९ चा. वल्हवण्यासाठी पैसे घेणारा हौशी नाही, इथवर कुणाची हरकत नव्हती. पण मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर, आज असो वा पूर्वी कधी, तोही हौशी नाही, असं त्यात होतं. शर्यतीतून एक पैसाही न कमावलेला गवंडी त्यामुळे बाद, आणि पेढीवर बसणारा पात्र. हातांना कामाची सवय असणाऱ्याला बोटीत जास्त फायदा मिळतो, असं समर्थन होत असे. ते पटण्यासारखं नाही. वर्गभेद नियमात घातला होता, एवढंच. संयोजकांची बाजू घेणारे आजही क्लबवरच्या बंदीवर भर देतात. बंदी खरीच होती. मग दुसरं कारण नोंदवायची गरज का भासली?

त्या वर्षीची डायमंड स्कल्स जिंकणारा इंग्रज स्कलर काही आठवड्यांनी ब्रसेल्सजवळच्या कालव्यावर ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत केलीसमोर आला. केली एका सेकंदाने जिंकला. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात चुलतभावासोबत डबल स्कल्सचं (दोघांच्या बोटीचं) सुवर्णही त्याने मिळवलं. १९२४ मध्ये याच जोडीने पॅरिसला पुन्हा बाजी मारली. हौशी वल्हेकऱ्याच्या नावावर तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जमा झाली, हेन्लीची एकही शर्यत नाही.

नियमाला खरा धक्का १९३६ मध्ये बसला. ऑलिम्पिकसाठी निघालेल्या ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या आठ जणांच्या संघाला हेन्लीने असंच अडवलं, त्यावरून मोठा गहजब झाला, आणि १९३७ मध्ये अंगमेहनतीची अट निघाली. केलीच्या मुलाने १९४७ आणि १९४९ मध्ये डायमंड स्कल्स जिंकली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये कांस्यही मिळवलं. हौशी कोण, याच व्याख्येवरून १८९० मध्ये फुटलेल्या इंग्लंडमधल्या दोन वल्हेसंघटना एकत्र आल्या, त्याही १९५६ मध्येच.