सोळापट शोषण म्हणजे सोळापट वीज नव्हे

‘चांदीच्या नॅनोकणांमुळे सौर घटाचे प्रकाशशोषण सोळापट वाढले’ अशा अर्थाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. लगेच कुणीतरी हिशेब मांडतो, की आता एका पॅनलच्या जागेत सोळा पॅनलांची वीज मिळणार. हा हिशेब चुकतो. तो नेमका कुठे चुकतो याचा शोध घेताना मात्र पदार्थविज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट हाती लागते.

सोळापटीचा आकडा खोटा नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १.२५ मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या थरावर चांदीचे सूक्ष्म कण बसवले. १०५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात त्या घटाचा विद्युतप्रवाह सुमारे सोळापट झाला. संपूर्ण सूर्यप्रकाश धरला, तेव्हा मात्र त्याच घटाच्या प्रवाहात वाढ झाली ती ३३ टक्क्यांची. ३३ टक्केही थोडे नव्हेत. पण सोळापट आणि सव्वापटीहून थोडे अधिक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर पडते सिलिकॉनच्या स्वभावामुळे. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला ठरावीक किमान ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एक सूक्ष्म एकक) आहे, म्हणजे साधारण ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचा प्रकाश त्याच्या कामाचा नाही. शिवाय या किमान ऊर्जेच्या आसपास इलेक्ट्रॉनला वर चढण्यासाठी फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, नुसती ऊर्जा पुरत नाही, स्फटिकाच्या कंपनांकडून संवेगही उसना घ्यावा लागतो. फोटॉन आणि योग्य कंपन यांची गाठ क्वचितच पडते, म्हणून शोषण मंद होते. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये एका मायक्रोमीटरच्या आतच जवळजवळ संपतो. १०५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला मात्र अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जाडी लागते. सव्वा मायक्रोमीटरच्या थरात एका फेरीत त्यातला जेमतेम पाचशेवा हिस्सा शोषला जातो. तो सोळापट केला, तरी ढोबळमानाने शंभरांतले तीन-चार फोटॉन हाती येतात. मुळात जिथे जवळजवळ काहीच नव्हते, तिथलीच ही सोळापट आहे.

आता चांदीच्या कणाकडे वळू. माझ्या मते या विषयाचा खरा नायक तोच आहे.

धातूचे कण रंग बदलतात हे माणसाला फार पूर्वी ठाऊक झाले. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा चषक आहे. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो, आतून दिवा लावला की लाल. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. मायकेल फॅराडेने १८५७ मध्ये सोन्याच्या लालबुंद द्रावणांचा अभ्यास करून तो रंग सोन्याच्याच सूक्ष्म कणांचा असल्याचे मांडले, आणि १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने गोल कणांसाठी पूर्ण गणित सोडवले.

पन्नास नॅनोमीटर व्यासाचा चांदीचा एक गोळा घ्या. त्यात सुमारे ३८ लाख मुक्त इलेक्ट्रॉन असतात. दृश्य प्रकाशाची लहर या गोळ्याच्या कितीतरी पट लांब, त्यामुळे एका क्षणी संपूर्ण गोळ्याला जवळजवळ एकाच दिशेचे विद्युतक्षेत्र जाणवते. सगळे इलेक्ट्रॉन मिळून किंचित एका बाजूला सरकतात. त्या बाजूला ऋण प्रभार साठतो, दुसऱ्या बाजूला अणूंचा धन प्रभार उघडा पडतो, आणि हे दोन प्रभार इलेक्ट्रॉनांना परत ओढू लागतात. ओढ आहे आणि इलेक्ट्रॉनांना वस्तुमान आहे, म्हणजे या समुदायाची स्वतःची अशी वारंवारता असणारच. प्रकाशाची वारंवारता तिच्याशी जुळली की अनुनाद होतो आणि इलेक्ट्रॉन जोरात झुलू लागतात. या सामूहिक झुलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, लहान गोळ्यांमध्ये ही वारंवारता आकारावर जवळजवळ अवलंबून नसते. ठरावीक अंतर सरकल्यावर आत निर्माण होणारे क्षेत्र गोळा दहा नॅनोमीटरचा असो वा तीस, सारखेच असते. वारंवारता ठरते धातूवर आणि भोवतालच्या माध्यमावर. दुसरी, भोवतालच्या माध्यमाचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप) जास्त असेल, तर ते माध्यम प्रभारांची ओढ सैल करते आणि अनुनाद लाल बाजूला सरकतो. हवेतल्या चिमुकल्या चांदीच्या कणाचा अनुनाद अतिनील भागात असतो, काचेत तो ४०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. सिलिकॉनचा शेजार आणि मोठा, चपटा आकार मिळाला की तो आणखी लाल बाजूला आणता येतो. शोषण तर नेमके तिथेच कमी पडते.

यापुढचा भाग मला सर्वांत आवडतो. अनुनादावर असलेला शंभर नॅनोमीटरचा चांदीचा कण स्वतःच्या सावलीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दहापट क्षेत्रावरचा प्रकाश पकडतो. कणाला स्पर्श न करता शेजारून निघून गेला असता, तो प्रकाशही! हे घडते कसे? झुलणारे इलेक्ट्रॉन स्वतःची लहर सोडतात. ती लहर येणाऱ्या लहरीत मिसळते. कणाच्या मागे दोघी एकमेकींना खोडतात, आणि आजूबाजूने ऊर्जा वाहण्याच्या दिशा कणाकडे वळतात. म्हणून पृष्ठभागाचा दहावा हिस्सा कणांनी झाकला, तरी तत्त्वतः पडणाऱ्या सगळ्या प्रकाशाशी त्यांचा संबंध येऊ शकतो.

पकडलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते, हे आकार ठरवतो. कणात उष्णता होऊन वाया जाणारा भाग त्रिज्येच्या तिसऱ्या घातानुसार वाढतो, तर विखुरला जाणारा भाग सहाव्या घातानुसार. त्रिज्या दुप्पट केली तर नुकसान आठपट, पण विखुरणे चौसष्टपट! दहा-वीस नॅनोमीटरचे कण प्रकाश गिळतात, शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे तो विखुरतात. सौर घटाला मोठे कण हवेत ते यामुळे. ‘जितके सूक्ष्म तितके प्रभावी’ असे सांगून पॅनलवर फवारायची कसलीही ‘नॅनो’ द्रव्ये विकणाऱ्यांना हा घातांकांचा साधा नियम विचारून पाहावा.

विखुरलेला प्रकाश जातो तरी कुठे? कण सिलिकॉनच्या अगदी जवळ असेल तर बहुतांश सिलिकॉनमध्येच. झुलणाऱ्या प्रभारांच्या क्षेत्राचा काही भाग हवेत कणाला चिकटूनच राहतो, दूर जाऊ शकत नाही. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे साडेतीन असल्याने तिथे त्याला वाट मिळते. पृष्ठभागापासून दहा नॅनोमीटरवर असलेल्या आदर्श बिंदू-स्रोताचा ९६ टक्के प्रकाश आत जातो, असे गणित सांगते. तोही तिरपा शिरतो. पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे १७ अंशांपेक्षा जास्त कोन झाला की पूर्ण आंतरिक परावर्तन होते, म्हणजे प्रकाश बाहेर न पडता आतच परततो, आणि पातळ थरात अडकून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. कणांनी नवा प्रकाश निर्माण केलेला नाही. त्यांनी वाट लांबवली.

अडचणी आहेतच. अनुनादापेक्षा आखूड लहरींसाठी इलेक्ट्रॉनांचे झुलणे प्रकाशाच्या जवळजवळ उलट चालते. तेव्हा विखुरलेली लहर मूळ लहरीला सिलिकॉनमध्ये खोडू लागते आणि निळ्या भागातले उत्पन्न घटते. याला उपाय म्हणजे कण मागच्या बाजूला बसवायचे. निळा प्रकाश समोरच संपतो, उरलेला लाल-अवरक्त प्रकाश मागे पोहोचतो, आणि तिथे कण त्याला तिरपा परतवतात. दुसरी अडचण रासायनिक आहे. कण सोन्याचे असतील आणि त्यांचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले, तर ते मोकळ्या इलेक्ट्रॉनांना सापळ्यात पकडतात. म्हणून मध्ये काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर ठेवावा लागतो.

बाजारातल्या जाड सिलिकॉन घटांत हे कण रुळलेले नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. अल्कलीच्या द्रावणात पृष्ठभागावर कोरलेले सूक्ष्म पिरॅमिड प्रकाश तिरपा करण्याचे तेच काम स्वस्तात करतात, त्यात धातूचे नुकसानही नसते. पिरॅमिड स्वतःच काही मायक्रोमीटर उंच असतात, त्यामुळे एक-दोन मायक्रोमीटरच्या थरावर मात्र ते कोरता येत नाहीत. तिथे कणांना वाव आहे. १९९८ मध्येच स्टुअर्ट आणि हॉल या संशोधकांनी १६५ नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन प्रकाशसंवेदकात चांदीच्या बेटांसारख्या कणांनी ८०० नॅनोमीटरला प्रवाह सुमारे अठरापट वाढवून दाखवला होता.

आणि कणात वाया जाणाऱ्या ऊर्जेचाही उपयोग निघाला आहे. प्लाझ्मॉन विरताना काही इलेक्ट्रॉनांना भरपूर ऊर्जा देतो. असा इलेक्ट्रॉन सोने आणि सिलिकॉन यांच्या सीमेवरचा अडथळा ओलांडून सिलिकॉनमध्ये उडी घेऊ शकतो. या अडथळ्याची उंची सिलिकॉनच्या १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असते. म्हणून सिलिकॉनला स्वतःला न दिसणारा, ११०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाशही टिपता येतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात सोन्याच्या सूक्ष्म अँटेना वापरून हे करून दाखवण्यात आले. कार्यक्षमता फारच कमी होती, कारण बहुतेक इलेक्ट्रॉन सीमेपर्यंत पोहोचण्याआधीच ऊर्जा गमावतात. ऊर्जा गमावण्याआधी त्यांना सीमा गाठू देणारी रचना कशी करायची, यावर आता संशोधन चालू आहे.