ट्विस्ट कुठला आणि कलाटणी कुठली?

थ्रिलर बघून आलेल्या माणसाला 'कसा होता?' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'ट्विस्ट अँड टर्न्स भारी आहेत.' परीक्षणं लिहिणारेही ही जोडी बिनदिक्कत वापरतात. सतत जोडीने कानावर पडल्यामुळे दोन्ही एकच वाटायला लागतात, आणि मग एखाद्या ॲक्शन थ्रिलरचं कथानक सुटं करून बघायला बसलं की गाडं नेमकं इथे अडतं. ट्विस्ट घडतो प्रेक्षकाच्या डोक्यात, कलाटणी मिळते पात्राच्या वाटचालीला. ट्विस्ट मागचं बदलतो. आत्तापर्यंत जे बघितलं त्याचा अर्थ भलताच होता हे कळतं. कलाटणी पुढचं बदलते. पात्राचा कालपर्यंतचा बेत आता चालणार नसतो, त्याला काहीतरी नवीन करणं भाग असतं.

पुढे काही सिनेमांचे शेवट सरळ सांगून टाकले आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या.

हा फरक आजचा नाही. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये शोकांतिकेबद्दल लिहिताना परिस्थिती उलटणं आणि ओळख पटणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, आणि दोन्ही एकदमच घडल्या तर उत्तम असंही म्हटलं आहे. त्याचं उदाहरण ईडिपसचं, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक नाटकातल्या राजाचं. फक्त एक आहे: ईडिपसला स्वतःची खरी ओळख पटते तेव्हा तो हादरतो, अथेन्सचा प्रेक्षक नाही. त्याला ती दंतकथा आधीच ठाऊक होती. आजच्या अर्थाने ज्याला आपण ट्विस्ट म्हणतो, त्यात प्रेक्षकालाच अंधारात ठेवलेलं असतं. सिड फील्डने १९७९ साली पटकथेवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यातला 'प्लॉट पॉइंट'ही दिशा बदलण्याबद्दलच आहे. तिथे प्रेक्षक दचकलाच पाहिजे अशी अट नाही.

दोन्ही एकमेकांपासून सुटे बघायचे असतील तर जॉर्ज मिलरचा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) घ्यावा. फ्युरिओसा एका जुलमी सरदाराच्या बायकांना त्याच्या तावडीतून सोडवून अवजड टँकरमधून पळवते आणि लहानपणीच्या हिरव्या मुलखाकडे निघते. अर्ध्याहून जास्त सिनेमा हा पाठलागच आहे. अखेर तिला तिच्या टोळीतल्या म्हाताऱ्या बायका भेटतात. हिरवा मुलूख कुठे आहे, असं ती विचारते. उत्तर मिळतं, तुम्ही तिथूनच आलात. रात्री ज्या कावळ्यांच्या दलदलीतून टँकर कसाबसा बाहेर काढला, तोच तो मुलूख. दलदलीचा प्रसंग आपण वाटेतला एक अडथळा म्हणून बघून सोडून दिलेला असतो. आता तो आठवताना अंगावर येतो. फ्युरिओसा वाळूत चालत जाते, कृत्रिम हात काढून टाकते, गुडघे टेकून आक्रोश करते.

हा ट्विस्ट. पण गोष्टीची दिशा अजून तसूभरही बदललेली नाही. त्या रात्री बायका ठरवतात की मोटारसायकलींवर १६० दिवस पुरेल इतकं इंधन लादायचं आणि मिठाच्या मैदानापलीकडे जायचं. म्हणजे बेत जुनाच, पळत राहायचं. कलाटणी मिळते ती दुसऱ्या दिवशी. मॅक्स मागून येऊन त्यांना गाठतो, नकाशा दाखवतो आणि सांगतो की पाणी आणि हिरवळ जिथे आहे ते ठिकाण तुम्ही मागे सोडून आलात, परत फिरा. टँकर खरोखरच तोंड फिरवतो. या प्रसंगात कुठलंही रहस्य फुटत नाही, फक्त निर्णय होतो. मिलरने दोन्हींच्या मधे एक अख्खी रात्र ठेवली आहे, म्हणून ते इतके स्वच्छ दिसतात. एरवी ते एकमेकांना चिकटून येतात आणि आपण फसतो.

'डाय हार्ड' (१९८८) मध्ये ते असे चिकटून येतात. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला, दुरावलेल्या बायकोच्या, हॉलीच्या, कंपनीच्या पार्टीला पोचतो आणि हान्स ग्रुबरची टोळी ती उंच इमारत ताब्यात घेते. मॅक्लेन तेवढा अनवाणी निसटतो. पहिला ट्विस्ट लवकरच येतो. अतिरेकी वाटणारी ही माणसं चोर आहेत, त्यांना तिजोरीतले ६४ कोटी डॉलरचे बाँड हवे आहेत. रॉडरिक थॉर्पच्या ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला आहे, तिच्यातली टोळी खरोखरच राजकीय हेतूने आलेली आहे. चोरीची मेख सिनेमावाल्यांनी मारली. पण हे कळल्याने मॅक्लेनच्या बेतात फरक काय पडतो? काहीच नाही. चोर असोत की अतिरेकी, त्याला बाहेरून मदत बोलवायचीच आहे.

खरी कलाटणी त्यानंतर, आणि तिच्यात लपवाछपवी अजिबात नाही. मॅक्लेनच्या हाकेवरून पॉवेल नावाचा एक पोलीस चौकशीला येतो. खाली पहारेकऱ्याच्या वेषात हान्सचाच माणूस बसलेला. पॉवेलला सगळं आलबेल वाटतं, तो गाडीत बसून ख्रिसमसचं गाणं गुणगुणत निघतो. आपल्याला सगळं माहीत आहे. वर मॅक्लेन तडफडतोय हेही दिसतंय. आणि मग वरून एक प्रेत येऊन थेट पॉवेलच्या गाडीवर आदळतं. इथून पुढे ही एकट्या माणसाची लपाछपी राहत नाही; पोलीस, टीव्ही, एफबीआय असा सगळा लवाजमा इमारतीभोवती गोळा होतो. मॅक्लेनला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्याच्या अडचणी दुप्पट झाल्या. हा प्रसंग मी कुणालाही कलाटणीचा नमुना म्हणून दाखवेन. दहाव्यांदा बघतानाही तो तितकाच चालतो, कारण त्याचं बळ आपल्या अज्ञानावर उभं नाही.

एफबीआयचं प्रकरण याच्या उलट. ठरलेल्या शिरस्त्याप्रमाणे ते इमारतीची वीज तोडतात आणि तिजोरीचं शेवटचं विद्युतचुंबकी कुलूप त्यामुळेच उघडतं. हान्स त्याचीच वाट बघत होता! पोलीस जमत होते तेव्हा तो इतका निवांत का होता, याचा खुलासा आता होतो. मॅक्लेनला त्याचा पत्ताही नाही. ट्विस्ट निव्वळ आपल्यासाठी.

आता सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रसंग. वरच्या मजल्यावर हान्स आणि मॅक्लेन समोरासमोर येतात. मॅक्लेनने ओळखू नये म्हणून हान्स अमेरिकन उच्चार काढून घाबरलेला ओलीस असल्याचं नाटक करतो. आपल्याला तो कोण ते माहीत आहे, त्यामुळे इथपर्यंतचा ताण ट्विस्टचा नव्हे, सस्पेन्सचा. मॅक्लेन त्याला सिगारेट देतो आणि चक्क पिस्तूलही देतो. आपण मनात कपाळावर हात मारतो. हान्स पिस्तूल त्याच्यावरच रोखतो, चाप ओढतो, आणि ते रिकामं निघतं. मॅक्लेनला संशय आला होता, त्याने तो आपल्यापासूनही लपवला होता. झाला ट्विस्ट. पण पुढच्याच क्षणी लिफ्टमधून हान्सचे लोक येतात, गोळीबार सुरू होतो, आणि हान्सच्या लक्षात येतं की समोरचा अनवाणी आहे. काचा फोडा, असं तो ओरडतो. मॅक्लेन रक्ताळलेल्या पायांनी निसटतो, पण टोळीकडून आधी हाती लागलेली डिटोनेटरची, म्हणजे स्फोटकं उडवायच्या साधनांची, पिशवी तिथेच राहते. प्रेक्षकाच्या लक्षात राहतं ते रिकामं पिस्तूल. कथानक मात्र वळतं डिटोनेटरवर, कारण ते हातात आल्यामुळे हान्सचा गच्ची उडवण्याचा बेत पुन्हा जिवंत होतो. तळव्यातल्या काचा काढताना मॅक्लेन पहिल्यांदा खचतो आणि बायकोसाठी निरोप ठेवतो. पिस्तूल आणि काचा यांच्यात जेमतेम काही क्षणांचं अंतर, तरी कामं वेगळी.

तिथेच आणखी एक बारकावा आहे. सुरुवातीला हॉली चिडून टेबलावरची कुटुंबाची फोटोफ्रेम पालथी करते. शेवटाकडे हान्स ती उलटी करून बघतो आणि त्याला कळतं की मॅक्लेनची बायको आपल्याच ताब्यात आहे. रहस्य फुटलं खरं, पण ते आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तेव्हा ट्विस्ट म्हणता येत नाही. कलाटणी मात्र पक्की. म्हणूनच 'काहीतरी उघड झालं' एवढ्यावर ट्विस्टचा शिक्का मारू नये. कुणाला उघड झालं, ते आधी बघावं.

आपल्याकडे हा घोळ वाढायला इंटरव्हलही जबाबदार आहे. हॉलीवूडच्या सिनेमात मध्यंतर सहसा नसतंच. आपली थिएटरं ते मनाला येईल तिथे पाडतात, कधी वाक्याच्या मधोमध. हिंदी-मराठी पटकथा मात्र मध्यंतर धरूनच रचावी लागते, आणि समोसे घ्यायला गेलेला माणूस परत खुर्चीत यावा म्हणून तिथे काहीतरी दणका हवा असतो. दणक्यासाठी ट्विस्ट स्वस्त पडतो. मेलेला भाऊ जिवंत निघाला, दाखव त्याचा चेहरा, पाड पडदा. उत्तरार्धात नायक तेच करत राहतो जे पूर्वार्धात करत होता, आणि मग 'सेकंड हाफ ढेपाळला' अशी तक्रार येते. माझ्या मते अशा बहुतेक तक्रारींचं मूळ उत्तरार्धात नसून मध्यंतरालाच असतं: तिथे नायकापुढे नवा प्रश्न उभाच केलेला नसतो. ओटीटीवरच्या मालिकांनी तर हा रोग प्रत्येक भागाच्या शेवटापर्यंत नेला आहे.

दोन्ही गोष्टी एका ठोक्यात बसवणं किती अवघड आहे ते नीरज पांडेच्या 'अ वेन्सडे' (२००८) मध्ये दिसतं. मुंबईत एक अनोळखी माणूस पोलीस आयुक्तांना फोन करतो: शहरात बॉम्ब पेरले आहेत, चार अतिरेकी सोडा. आपण आणि आयुक्त राठोड दोघंही धरून चालतो की हा त्यांचाच साथीदार. अतिरेक्यांना जुहूच्या विमानतळावर नेलं जातं, एकाला पोलीस अधिकारी मागे धरून ठेवतो, आणि उरलेले तिघे स्फोटात मरतात. त्यांना सोडवायचं नव्हतंच, संपवायचं होतं. आपला अंदाज कोलमडतो आणि त्याच क्षणी राठोडांचं कामही उलटं होतं: ज्याला सोडायचं की नाही यावर डोकं फोडत होतो, त्या चौथ्याला आता पोलिसांनीच मारावं अशी मागणी समोर येते. ॲरिस्टॉटलला जे अभिप्रेत होतं त्याच्या हे बरंच जवळ आहे, शिवाय इथे पात्रासोबत प्रेक्षकही गाफील आहे. सिनेमाचा उरलेला भाग उभा राहतो तो धक्क्यावर नाही, राठोड काय करणार यावर.

ट्विस्टशिवाय नुसत्या कलाटणीवर सिनेमा चालतो का? निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) आठवा. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे, रोजची लोकल, रोजची चीड. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालता घालता त्याचा बांध फुटतो आणि तो बॅट घेऊन शहरभर फिरायला लागतो. कुठलंही गुपित नाही, कुणाचा मुखवटा गळून पडत नाही. आपण फक्त बघत राहतो की या माणसाला आता परतीची वाट उरलेली नाही.

गंमत म्हणजे दहा वर्षांनी याच कामतने 'दृश्यम'चा हिंदी अवतार केला, गोव्यातल्या विजय साळगावकरचा. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफचा, २०१३ चा. या गोष्टीत कलाटणी पूर्वार्धातच येऊन जाते: घरात एका मुलाचा जीव जातो आणि केबलच्या धंद्यातल्या विजयला कुटुंब वाचवण्यासाठी एक खोटा दिवस रचावा लागतो. गाजला मात्र शेवट. मृतदेह नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखालीच पुरलेला आहे, हे शेवटच्या क्षणांत कळतं. त्या क्षणी विजयला काहीही वेगळं करायचं नाही, पोलिसांनाही नाही. कुणाचीच वाट बदलत नाही, आपण तेवढे थक्क होतो. शुद्ध ट्विस्ट.

पण तेवढ्यावर ते थांबत नाही. दुसऱ्या भागात, जो मल्याळममध्ये २०२१ ला आणि हिंदीत २०२२ ला आला, एक साक्षीदार पुढे येतो. त्या रात्री बांधकाम चालू असलेल्या ठाण्यातून विजयला बाहेर पडताना त्याने बघितलेलं असतं. पहिल्या भागात जी गोष्ट फक्त प्रेक्षकाला सांगितली होती, ती आता पोलिसांच्या कानावर जाते. माहिती तीच, एक अक्षरही नवीन नाही, आणि तरी साळगावकर कुटुंबाची सगळी तटबंदी ढासळते. ठाण्याची जमीन खणली जाते. जुना ट्विस्ट इथे कलाटणी होऊन येतो. खाली सांगाडा सापडतोही. तो कुणाचा, हा पुढचा ट्विस्ट.