बाळाची वाढ मोजायची कशाशी?

आठव्या आठवड्यातलं बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत जेमतेम दीड सेंटिमीटर भरतं. सोनोग्राफीच्या पडद्याकडे पहिल्यांदाच बघणाऱ्या आई-वडिलांना त्यात फारसं काही ओळखू येत नाही. काळी पिशवी, तिच्या कडेला एक पांढुरका ठिपका आणि त्या ठिपक्यात सारखं लुकलुकणारं काहीतरी. ते लुकलुकणं म्हणजे हृदय. आई-वडील तिकडे डोळे लावून बसलेले असताना डॉक्टर ठिपक्याच्या दोन्ही टोकांवर खुणा करून लांबी घेतात. अख्ख्या गरोदरपणात जी काही मापं घेतली जातात, त्यांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण असं की, पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगानं वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, घर सुखवस्तू असो की हातावर पोट असलेलं, बाळ दिवसाला एक-दीड मिलिमीटर वाढतं आणि बाराव्या आठवड्यात साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास पोचतं. लांबीवरून वय ओळखण्याची ही पद्धत स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये मांडली. ग्लासगोमध्येच इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातल्या बाळाची चित्रं मिळवून दाखवली होती. नवव्या ते तेराव्या आठवड्यात घेतलेल्या मापावरून बाळाचं वय साधारण आठवडाभराच्या फरकानं सांगता येतं. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच सोनोग्राफी केली, तर हाच फरक तीन आठवड्यांवर जातो.

पाळीच्या तारखेवरून हिशेब करता येतो, नाही असं नाही. घरात नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस धरतात. पण पाळी अनियमित असेल, पहिलं मूल अंगावर पीत असताना दिवस राहिले असतील किंवा तारीख लक्षातच नसेल, तर तो हिशेब डळमळतो. अशा वेळी लवकर केलेली सोनोग्राफी आधाराला येते.

ती मापं मिळतात प्रतिध्वनीतून. पोटावर फिरवायच्या प्रोबमध्ये खास स्फटिक असतात. विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि माणसाला ऐकू येणार नाहीत अशा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या लहरी सोडतात. मऊ ऊतींमधून या लहरी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातात. ७.७ सेंटिमीटर खोलीवरच्या हाडावर आपटून लहर परत यायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. यंत्र तो वेळ मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. पोटाला लावलेली थंडगार जेल हवा दूर ठेवण्यासाठी असते, कारण कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहिली तर लहरी आत शिरण्याआधीच उलट फिरतात. यात क्ष-किरण कुठेच नसतात.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात आणि सोबत आईच्या रक्ताची तपासणी करतात. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं असं एकेक तपासलं जातं. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा त्याच्याही आधी, १९८८ मध्ये केला. तो इतका आधी करावा लागला, यातच आपल्या राज्यात मुलींच्या वाट्याला काय येत होतं ते कळतं.

पाचव्या महिन्यानंतर चित्र बदलतं. आता प्रत्येक बाळ आपापल्या वेगानं वाढू लागतं. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी यांवरून वजनाचा अंदाज काढतात. हा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असू शकतो. रिपोर्टवर तीन किलो लिहिलेलं बाळ अडीच-पावणेतीनचं निघालं म्हणून कुणाची चूक झाली असं होत नाही. एका रिपोर्टवरचा आकडा बघून सासूबाईंनी सुनेला ‘खात नाहीस’ म्हणून बोलणं तर अगदीच अन्यायाचं. बघायचं असतं ते दोन मापांमधलं अंतर, आणि तेही दोन-तीन आठवड्यांनी, कारण त्याआधी झालेली वाढ मापाच्या चुकीतच बुडून जाते.

वारेतून रक्त कमी पोचू लागलं तर बाळ जे करतं, ते मला दर वेळी थक्क करतं. ते असलेलं रक्त मेंदूकडे वळवतं. यकृतातला साखरेचा साठा संपत जातो, यकृत लहान राहतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. डोकं मात्र बराच काळ ठरल्याप्रमाणे वाढत राहतं. म्हणून अशा वेळी डॉक्टरांची नजर पोटाच्या घेरावर असते. डॉप्लर तपासणीत नाळेतल्या रक्ताचा वेग दिसतो. निरोगी वारेत बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकतं. वारेतला अडथळा वाढला की ते मंदावतं, थांबतं, आणि फारच बिघडलं तर उलटं वाहतं.

आईच्या आकड्यांनाही हाच न्याय. गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब थोडा उतरतो, नंतर पुन्हा चढतो. सातव्या महिन्यातला १३०/८५ हा आकडा नेहमीचाच की नव्यानं वाढलेला, हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली नोंद असेल तरच कळतं. १४०/९० च्या वर गेला तर मात्र तुलनेची वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन थोडं घसरतंच, कारण रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं. तरी ते ११ च्या खाली गेलं की पंडुरोग. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन ते लोह अडवून धरतं. भाकरी, पालेभाजी, शेंगाचटणीच्या जेवणात वर लिंबू पिळलं तर उलट मदतच होते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत बायका विड्या वळतात. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आणि धुळीबरोबर श्वासातूनही अंगात जातं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे काम आपण करतो, हे पहिल्याच तपासणीत सांगायला हवं. घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईला मराठीत नीट सांगता येत नसेल, तर सोबत आलेल्या माणसानं सांगावं. पैशांची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते.

आपल्याकडची एक रीत इथे आड येते. डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. सोलापूरहून बार्शी, अक्कलकोट, कधी सीमेपलीकडे विजयपूर किंवा कलबुर्गी. तिथले डॉक्टर नवे, यंत्र नवं. बरोबर फक्त शेवटचा रिपोर्ट नेला तर नव्या डॉक्टरांना वाढ दिसत नाही, फक्त एक आकडा दिसतो. पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर असलंच पाहिजे. प्रसूतीची तारीखही दर रिपोर्टला बदलायची नसते, पहिल्या सोनोग्राफीनं नक्की केलेलीच धरायची.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर एक तपासणी आईच्याच हाती असते, ती म्हणजे बाळाची हालचाल. शेजारणीच्या बाळाशी तुलना उपयोगाची नाही. आपलं बाळ कधी जास्त हलतं, कधी झोपतं, हे आईला कळू लागलेलं असतं. त्यात कमीपणा जाणवला तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि बाळ दोन किलोचं जन्मलं तर? चौतिसाव्या आठवड्यात आलं असेल तर वजन ठीकच आहे, पण फुप्फुसं पुरती तयार नसण्याची भीती असते आणि दूध ओढण्याची ताकद कमी असते. अडतिसाव्या आठवड्यात आलं असेल तर फुप्फुसं तयार असतात, पण पोटात उपासमार झालेली असते आणि जन्मल्यावर रक्तातली साखर झपाट्यानं उतरू शकते. वजन तेच, काळजी वेगळी. त्याही आधी, कळा फार लवकर सुरू झाल्या तर फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची की नाही, हे डॉक्टर आठवडे बघूनच ठरवतात.