उसने, उचले की सरवा? टिचभर माणसांच्या चित्रपटाची पार्श्वभूमी

१ मार्च २०२० ला एका जपानी स्टुडिओचे सात चित्रपट भारतात एका ओटीटी सेवेवर एकदम आले आणि तीनच आठवड्यांत टाळेबंदी लागली. त्या सातांत २०१० चा 'कारीगुराशी नो आरिएत्ती' होता. घराच्या जमिनीखाली लपून राहणारी १४ वर्षांची, १० सेंटिमीटर उंचीची मुलगी, तिचे आईवडील आणि वरच्या घरात विश्रांतीला आलेला आजारी मुलगा, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही. सोलापुरात हा चित्रपट मराठी उपशीर्षके लावून मुलांना दाखवायचा म्हटला, की सुरुवातीलाच एका शब्दाशी अडायला होते. ही माणसे वरच्या घरातून साखर, सुई, टिश्यू पेपर नेतात. या नेण्याला म्हणायचे काय?

अडचण मुळातलीच आहे. चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती १९५२ साली इंग्लंडात आली आणि तिचे नाव 'द बॉरोअर्स'. तिला त्या वर्षीचे ब्रिटिश बालसाहित्याचे मानाचे पदक मिळाले, आणि पुढचे चार भाग १९५५ ते १९८२ या काळात निघाले. ही माणसे स्वतःला 'उसने घेणारे' म्हणवतात आणि परत कधीच काही करत नाहीत, ही त्या नावातली थट्टा. कादंबरीतला मुलगा तोंडावर म्हणतो की ही चोरी झाली, तर मुलीला हसू आवरत नाही. माणसे आहेतच मुळी आपल्यासाठी, अशी तिची समजूत. जपानीत कादंबरी १९५० च्या दशकातच गेली, पण तिथल्या अनुवादाने ही कटकट टाळून 'जमिनीखालची छोटी माणसे' एवढेच नाव दिले. चित्रपटवाल्यांनी शब्द परत आणला. 'कारीगुराशी' म्हणजे उसन्यावर चाललेला संसार. शिवाय जपानीत 'कारी' हा उच्चार शिकारीलाही लागतो, त्यामुळे बाप रात्री मुलीला पहिल्यांदा बरोबर नेतो तो प्रसंग कानाला शिकारीसारखाच वाटतो. मराठीत हा दुहेरी अर्थ साधणारा शब्द सापडत नाही, तो नाद सोडलेला बरा.

आता मराठी. देण्याघेण्याच्या शब्दांची आपल्याकडे कमतरता नाही, उलट ते इतके काटेकोर आहेत की प्रत्येकाला वेगळी अट चिकटलेली आहे. कर्जाला व्याज असते. उधार दुकानातून येते आणि पैसे नंतर द्यायचे असतात. उसने म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर किंवा पीठ: तीच वस्तू, त्याच मापाने परत. हातउसने पैशाचे असते, त्याला ना व्याज ना कागद. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याला 'चेबदुलु' म्हणतात आणि कन्नड घरांत 'कैगड'. 'चे' म्हणजे हात, 'कै' म्हणजेही हात. एका शहरातल्या तिन्ही भाषांना या व्यवहारात हातच आठवावा हे उगाच नाही, कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर असल्याशिवाय तो होतच नाही. मागावे लागते, तोंड दाखवावे लागते. चित्रपटातल्या माणसांचा पहिला नियम नेमका उलटा आहे: माणसाच्या नजरेला पडायचे नाही, पडलो तर घर सोडायचे. ज्याला तोंडच दाखवायचे नाही तो उसने मागणार कसे? म्हणून 'उसने घेणारे' हे शब्दशः भाषांतर बरोबर असूनही कानाला खोटे लागते. इंग्रजीतली थट्टा मराठीत नुसती चूक वाटते.

मग 'उचलणे' सुचते. क्रियापद सोपे आहे, मुलांना कळते, उपशीर्षकात दोन शब्दांत बसते. इथे मात्र थांबायला हवे, आणि सोलापुरात तर नक्कीच. एक तर 'उचल' म्हटले की या भागात ऊसतोड मजुराने मुकादमाकडून किंवा कामगाराने मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम डोळ्यांपुढे येते. ती फेडायची असते अंगमेहनतीने, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो. दुसरे कारण जड आहे. 'उचल्या' हे नाव एका जातीसमूहावर गुन्हेगारीचा शिक्का म्हणून मारले गेले, मराठी वाचकाला ते एका आत्मकथनामुळे माहीत आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मानेच चोर ठरवले, त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेणारी वसाहत सोलापुरात होती. तिथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि परत कुंपणात येत. शहराच्या त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे तिकडे इंग्लंडात 'आम्ही चोर नाही' म्हणणाऱ्या टिचभर माणसांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण सेटलमेंटच्या शाळेतल्या पोरांसमोर पडद्यावर 'उचले' असे अक्षर उमटवणे हा अनुवादकाचा निष्काळजीपणा ठरेल. चित्रपटात त्यांना चोर म्हणणारे पात्र आहे, ते म्हणजे घरकाम करणारी बाई. 'चोर' हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवावा. निवेदनानेच तो वापरला तर ती बाई बरोबर ठरते आणि गोष्टच उलटते.

उरतो तो ज्वारीच्या रानातला शब्द: सरवा. काढणी, मोडणी झाल्यावर रानात पडलेली कणसे वेचणे म्हणजे सरवा वेचणे. मालकाला ते दिसते आणि तो कानाडोळा करतो, निदान करावा अशी रीत आहे. पोथीत हेच उंछवृत्ती म्हणून येते. अर्ध्या सोन्याच्या मुंगसाच्या गोष्टीतला ब्राह्मण असाच दाणे वेचून जगत होता. वरच्या घराला चुकल्यासारखे वाटणार नाही एवढेच न्यायचे, हा टिचभर माणसांचा दंडक सरव्याशी जुळतो. 'बाबा सरवा वेचायला निघालेत' हे वाक्य बोलायलाही नैसर्गिक आहे. यावर आक्षेप दोन. शहरातल्या मुलांना शब्द माहीत नाही, हा पहिला. पण तो पहिल्यांदा येईल तेव्हा उपशीर्षक सेकंदभर जास्त ठेवले आणि पडद्यावर साखरेचा खडा दिसत असेल, तर तो कळतो. दुसरा आक्षेप खरा आहे: सरव्यात मालकाची मूक संमती असते, इथे मालकाला पत्ताच नाही. तरीही तिन्हींत हाच शब्द सगळ्यात कमी खोटा आहे.

या मानाने लांबचा इतिहास थोडक्यात उरकतो. अंगठ्याएवढे साठ हजार वालखिल्य ऋषी आदिपर्वात आहेत. पळसाच्या एका पानाचे देठ सगळे मिळून ओढताना गाईच्या खुराच्या खळग्यातल्या पाण्यात ते गटांगळ्या खातात, आणि इंद्र हसतो. जपानी लोककथेत एका सुन उंचीचा, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटरचा इस्सुन-बोशी भाताचा वाडगा होडी म्हणून, काडी वल्हे म्हणून आणि सुई तलवार म्हणून वापरतो. चित्रपटातली मुलगी टाचणी कमरेला लावते तेव्हा जपानी प्रेक्षकाला तो आठवला तर नवल नाही. १७२६ च्या इंग्रजी प्रवासकथेतली सहा इंची माणसे १:१२ या प्रमाणात होती. पण ती स्वतःच्या देशात राहतात, लपत नाहीत, म्हणून या वंशावळीत ती चुलत घराण्यातली.

चित्रपटाचा बेत जुना. पटकथा लिहिणाऱ्या ज्येष्ठ दिग्दर्शकाने आणि त्याच्या सहकाऱ्याने तरुणपणीच, चित्रपट निघण्याच्या सुमारे ४० वर्षे आधी, तो आखला होता. अखेर दिग्दर्शन आले ते त्याच स्टुडिओत चित्रे काढत मोठ्या झालेल्या ३७ वर्षांच्या कलाकाराकडे, चित्रपटगृहासाठी पूर्ण लांबीचा चित्रपट करणारा स्टुडिओचा तोवरचा सर्वांत तरुण दिग्दर्शक म्हणून. १७ जुलै २०१० ला जपानात प्रदर्शन झाले आणि त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत कमाईत तो पहिला आला. जुन्या इंग्लंडातली गोष्ट टोकियोच्या पश्चिमेच्या कोगानेईत, चालू काळात आणली. हा बदल अनेकांना वरवरचा वाटतो, पण घराचा सांगाडा त्यामुळे बदलला. जपानी लाकडी घराची फरशी जमिनीपासून उचललेली असते, बांधकामाचा नियम किमान ४५ सेंटिमीटरचा. १० सेंटिमीटरच्या माणसाला ती मोकळी जागा आपल्या सात मीटरसारखी, म्हणजे दोन मजले सहज. सोलापूरकडच्या जुन्या माळवदी घरात हे जमले नसते. तिथे जमीन सारवलेली, खाली पोकळी नाही. राहायचेच तर भिंतीतल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळीत, किंवा तुळया आणि वरच्या पांढऱ्या मातीच्या मधल्या फटीत. कादंबरीत ही कुटुंबे राहत्या जागेचे आडनाव लावतात: घड्याळाखालचे घड्याळवाले, पन्हाळीतले पन्हाळवाले. आपल्याकडे कोनाडे, उतरंडे आणि बळदे झाले असते, आणि बळद्यांनी उतरंड्यांना मुलगी दिली नसती.

प्रमाण सांभाळणे हे या चित्रपटाचे खरे कसब, आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. १६० सेंटिमीटरच्या माणसाशी तुलना केली तर प्रमाण १:१६. उंची सोळा पट कमी झाली की वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६ पट कमी होते. ५० किलोची मुलगी साधारण १२ ग्रॅमची. म्हणून ती टेबलावरून उडी मारते तरी हाड मोडत नाही, आणि प्रेक्षकाला ते पटते. पाण्याचे मात्र प्रमाण बदलत नाही. पृष्ठताणामुळे थेंब चारएक मिलिमीटरपेक्षा फार लहान होऊन ओघळत नाही, आणि तिच्या मापाने तोच थेंब सहा-सात सेंटिमीटरचा, मोठ्या लिंबाएवढा. म्हणून चित्रपटात चहा धारेने पडत नाही, एकेक गोळा लोंबतो आणि डबकन कपात बसतो. लहान माणसांच्या साध्या कार्टूनमध्ये नेमके इथेच बिघडते: किटलीतून बारीक धार काढली की ती माणसे लहान उरत नाहीत, भांडी फक्त मोठी दिसतात. कापडाचेही तसेच. २० नंबरचे सूत सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे. सोळा पटीने ते तीन मिलिमीटर, म्हणजे सुतळी. सोलापुरी टॉवेलचा ५ मिलिमीटरचा फास तिच्या घोट्याच्या वर येईल, टॉवेलवरून चालणे म्हणजे गवतातून चालणे. मागावर आडवे सूत नेणारा होडीसारखा धोटा तिच्या चौपट लांब. शेवटी हे कुटुंब किटलीत बसून नदीने जाते, पण धोट्याची होडी अधिक स्थिर झाली असती.

बाप टेबलाच्या पायावर चढतो तो दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून. हेही वजनामुळेच शक्य आहे. १२ ग्रॅम पेलायला चौरस सेंटिमीटरभर टेप पुरते. धूळ बसली की पकड जाते, त्यामुळे प्रत्येक फेरीला टेप नवी लागणार. आवाजाची बाजूही तितकीच पक्की आहे. मुलगी पहिल्यांदा स्वयंपाकघरात येते तेव्हा घड्याळ घणासारखे वाजते आणि फ्रिजची घरघर जमिनीतून आल्यासारखी लागते. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे सगळे हरवते. शाळेच्या खोलीत दाखवताना खर्जाचा आवाज देणारा एक स्पीकर तरी जोडावा.

उपशीर्षके करणाऱ्यासाठी इंग्रजी आवृत्त्यांचा गोंधळ कळणे गरजेचे आहे. इंग्रजीत डबिंग दोनदा झाले: ब्रिटनसाठी २०११ ला आणि अमेरिकेसाठी २०१२ ला, वेगळ्या कलाकारांसह. ब्रिटिश आवृत्तीत मुलाचे मूळ नाव 'शो' तसेच राहिले, अमेरिकी आवृत्तीत तो शॉन झाला, घरकाम करणाऱ्या हारूची हारा झाली. अमेरिकी वितरकाने शेवटी मुलाच्या तोंडी एक निवेदन जोडले. त्यात तो सांगतो की पुढच्या उन्हाळ्यात तो परतला आणि शेजारच्या घरांतून बारीकसारीक वस्तू नाहीशा होत असल्याचे ऐकून त्याला आनंद झाला. मूळ जपानीत यातले काही नाही. त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे मूळ चित्रपट उघडपणे सांगत नाही. मुलांना हुरहुर नको म्हणून केलेली ही भर अनावश्यक आहे. मराठी मजकूर जपानी ध्वनिपट्टीवरूनच करावा, इंग्रजी फक्त ताळ्याला घ्यावी.

तांत्रिक चुका ठरलेल्या असतात. चित्रपट ९४ मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटी. ब्रिटिश डीव्हीडीत हाच चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे तिच्यावरून वेळा घेतल्या तर शेवटच्या प्रसंगात उपशीर्षक जवळपास चार मिनिटे आधी येते. ही तफावत मागेपुढे सरकवून जात नाही, सगळ्या वेळा २५/२४, म्हणजे सुमारे १.०४१७ पटीने ताणाव्या लागतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. एसआरटी प्रकारच्या फाइलमध्ये वेळ लिहिताना सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये स्वल्पविराम हवा, टिंब दिले तर काही प्लेअर ती ओळच गिळतात. एका ओळीत ४० च्या आसपास अक्षरे, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी प्रत्येक उपशीर्षक नेहमीपेक्षा थोडे अधिक थांबलेले. जोडाक्षरे फुटत असतील तर दोष बहुधा मजकुरात नसून प्लेअरच्या फाँटमध्ये किंवा अक्षरे जुळवण्याच्या पद्धतीत असतो.

दोन जागी शब्द जपून निवडावा लागतो. रात्रीच्या फेरीत मुलीच्या हातून साखरेचा खडा पडतो. दुसऱ्या दिवशी मुलगा तो जाळीपाशी ठेवतो, सोबत चिठ्ठी: 'विसरलेली वस्तू'. मराठीत 'तुझं राहिलेलं' एवढेच लिहावे. आई-बाप त्याला हात लावत नाहीत, कारण ते वेचलेले नाही, दिलेले आहे. शेवटी नदीकाठी मुलगा साखरेचा खडा स्वतः तिच्या हाती देतो आणि ती केसांचा चिमटा काढून त्याच्या बोटावर ठेवते. इथे उपशीर्षक लागत नाही.