एका घोटात चार गोळ्या

पंचवटीतल्या माझ्या मावशीचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. चहा झाला की त्याच कपाबरोबर सगळ्या गोळ्या: थायरॉईडची, कॅल्शियमची, लोहाची, ॲसिडिटीची. "एकदम घेतल्या की विसरायला होत नाही गं." एक दिवस खाडा नाही, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढतच होता. थायरॉईडच्या गोळीचा डोस ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ झाला, मग १००. थकवा होता तसाच, आणि नाशिकची डिसेंबरातली थंडी तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त बोचायची.

थायरॉईडची गोळी म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, थायरॉईडचं संप्रेरक. ते लहान आतड्यातून रक्तात जातं आणि उपाशीपोटी घेतलं तरी साधारण ६० ते ८० टक्केच शोषलं जातं. सोबत कॅल्शियम किंवा लोह असलं, तर ते या औषधाला पोटातच धरून ठेवतं. मग बराचसा डोस रक्तात न पोचता शौचावाटे निघून जातो. म्हणून मध्ये चार तास हवेत. कॉफीनेही शोषण घटतं. दुधाच्या चहात तर कॅल्शियम आलंच. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने.

ॲसिडिटीच्या गोळीचं गणित निराळं. थायरॉईडची गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोल तेच कमी करतं, तेही दिवसभर. इथे नुसतं अंतर ठेवून भागत नाही, टीएसएच पाहून डोस ठरवावा लागतो. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिटवरचं फेनिटोइन चालू असेल तर शरीर हे संप्रेरक लवकर संपवतं. केसांसाठी घेतलेलं बायोटिन औषधाला हात लावत नाही, पण काही लॅबच्या तपासणीत आकडे खोटे दाखवतं.

मला काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. वेळ सुधारली की वाढवलेला डोस अचानक पूर्ण लागू पडू शकतो: छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. म्हणून वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे बदलाचा खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणीत दिसतो.

मावशी आता उठल्याबरोबर पाण्याने एकच गोळी घेते. चहाचं आधण देवपूजेनंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी, कारण त्या दोघांचंही आपसात पटत नाही. सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी डोस पुन्हा ७५ वर आणला.